गालाकडे बघा, निळ्याकडे नंतर

(दृश्य: जांबोटीच्या पुढचा ओढा. सकाळ. पाण्यावर वाकलेली फांदी.)

निवेदन:

चोच लांब, शेपूट आखूड, पोट तांबूस, पाठ निळी. फांदीवर बसलाय तो खंड्या, यात वाद नाही. पण कोणता?

बेळगाव जिल्ह्यात गोकाक-चिकोडीकडच्या कालव्यांवर हा प्रश्न सहसा पडत नाही. तिथला चिमणीएवढा निळा खंड्या म्हणजे छोटा खंड्या. खानापूर तालुक्याची पश्चिम कड वेगळी आहे. कणकुंबी आणि भीमगडच्या बाजूला जंगल दाटलं, ओढ्यावर झाडांचं छत आलं, की निळ्या कानाच्या खंड्याची शक्यता धरूनच चालावं. दोघंही साधारण १६ सेंटिमीटरचे. पाठीवरची झगझगीत फिकट निळी पट्टी दोघांनाही असते. त्यामुळे पाण्यालगत सुर्रकन गेलेल्या पक्ष्यावरून जात ठरवू नका.

(दृश्य: एकच पक्षी, आधी सावलीत, मग उन्हात.)

बहुतेकांची चूक होते ती रंगावरून. हा निळा रंग रंगद्रव्याचा नाही. पिसांच्या सूक्ष्म रचनेतून प्रकाश विखुरतो आणि निळं दिसतं. ऊन तिरकं झालं की छटा बदलते. त्यात आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. चित्रांत छोटा खंड्या बरेचदा हिरवट निळा रंगवलेला असतो, पण गोदावरीच्या दक्षिणेला आढळणारी त्याची उपजात मुळातच जास्त निळी. पुस्तकातलं हिरवट चित्र डोक्यात ठेवून आलेला माणूस बेळगावचा छोटा खंड्या बघतो आणि निळ्या कानाचा सापडला म्हणून हरखून जातो.

(दृश्य: डोक्याचा जवळून घेतलेला फोटो, दोन्ही जाती शेजारी-शेजारी.)

म्हणून आधी गाल बघा. डोळ्यापुढचा तांबूस ठिपका दोघांनाही असतो, मानेच्या बाजूचा पांढरा डागही दोघांना. या दोन्हींच्या मधली जागा, म्हणजे डोळ्याच्या मागे, कानावर. तिथे तांबूस पट्टा असेल तर छोटा खंड्या. तिथेही निळंच असेल आणि पोट गडद केशरी असेल तर निळ्या कानाचा.

इथेही एक फसगत आहे. निळ्या कानाच्या पिल्लाचा गाल तांबूसच असतो. तेव्हा गाल निळा दिसला तर खात्री धरा. तांबूस दिसला आणि ओढा दाट सावलीचा असेल तर घाई करू नका. छातीवर मळकट ठिपके आहेत का, डोकं-पाठ गडद आहे का, ते बघा. तरीही ठरेना, तर वहीत नुसतं ‘खंड्या’ लिहा. मराठीत खंड्या, कन्नडात मिंचुळ्ळी. तेवढी नोंद खरी असते.

आवाजाची मदत होते. छोटा खंड्या उडताना तीक्ष्ण ‘ची’ करतो, बरेचदा लागोपाठ. निळ्या कानाच्याचा आवाज आणखी बारीक, तोकडा, बहुधा एकदाच.

(दृश्य: मलप्रभेचा काठ. मोठी लाल चोच.)

मोठ्यांचं काम सोपं. लाल चोच, चॉकलेटी डोकं, पांढरा गळा आणि उडताना पंखांत पांढरा ठसठशीत डाग: पांढऱ्या गळ्याचा खंड्या. तो पाण्यापासून लांब, शेतातल्या तारेवरही बसतो. घोंगी खंड्या त्याच्याहून बराच मोठा, चोच भाल्यासारखी, मान-पोट पिवळट, पंखांत पांढरा डाग नाही. संध्याकाळच्या उजेडात चॉकलेटी डोकं काळं भासतं आणि किनाऱ्यावरचा काळ्या डोक्याचा खंड्या इथे आल्यासारखा वाटतो. त्याच्या मानेभोवती पांढरी कॉलर असते; ती दिसल्याशिवाय नाव घेऊ नका. हिडकल धरणाच्या पाण्यावर एका जागी फडफडत थांबलेला काळा-पांढरा पक्षी कवड्या खंड्या. नराच्या छातीवर दोन काळे पट्टे, मादीच्या एकच, तोही मध्ये तुटलेला.

(दृश्य: पाऊस. लाल मातीची दरड.)

आणि पावसात जंगलवाटेच्या दरडीजवळ केशरी-जांभळं काही चमकलं, तर तो तिबोटी खंड्या. पायाला तीनच बोटं, म्हणून तिबोटी. त्याचं बीळ या ओल्या मातीतच असतं. ते दिसलं तर कॅमेरा खाली करा आणि मागे सरा. माणूस समोर उभा असेपर्यंत चोचीत भक्ष्य धरलेला पक्षी आत जायला बिचकतो, आणि आत पिल्लं उपाशी असतात.