सणाचा तास

(दृश्य: वर्गाची भिंत. एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या कागदी चांदण्या ओळीने टांगलेल्या.)

सुट्टी लागायला आठवडा उरला की प्राथमिक वर्गांची हवा बदलते. पाढे मागे पडतात, कात्र्या आणि डिंकाच्या बाटल्या बाहेर येतात. दोन दिवसांत भिंतीवर तीस चांदण्या लागतात. तीसच्या तीस हुबेहूब सारख्या. जरा जवळ जाऊन पाहा. कापण्यातली ही सफाई आठ वर्षांच्या हाताची वाटत नाही. बहुतेक वेळा ती आदल्या रात्री जागलेल्या बाईंची असते.

यात वाईट काहीच नाही. मुलं खूश, पालक खूश, फोटोही छान येतात. मात्र त्या आठवड्यात मुलांना नवं काय कळलं, असं कुणी विचारलं तर पंचाईत होते. बेरजांच्या कागदाच्या कोपऱ्यात मेणबत्तीचं चित्र छापलं, म्हणून बेरजांचा सणाशी संबंध जुळत नाही.

सणांमध्ये शिकण्यासारखं भरपूर आहे. त्यासाठी सजावटीच्या आधी एक प्रश्न लागतो. उत्तर कुणालाच पाठ नसेल, असा प्रश्न.

(दृश्य: जमिनीवर पसरलेली जुनी कॅलेंडरं. भोवती ओणवी झालेली मुलं.)

असा एक प्रश्न वर्गाच्या कॅलेंडरमध्येच दडलेला असतो. सणाची तारीख दरवर्षी का सरकते?

2021, 2022 आणि 2023 ही तीन वर्षं घेऊ. नाताळ तिन्ही वर्षी 25 डिसेंबरलाच. भारतात रमजान ईद 2021 मध्ये 14 मे रोजी झाली, पुढच्या वर्षी 3 मे रोजी आणि त्याच्या पुढच्या वर्षी 22 एप्रिलला. लक्ष्मीपूजन आधी 4 नोव्हेंबरला, मग 24 ऑक्टोबरला, आणि तिसऱ्या वर्षी एकदम उडी मारून 12 नोव्हेंबरला.

हे आकडे फळ्यावर नुसते लिहून भागत नाही. चौकटीच्या कागदावर मुलांनी स्वतः ठिपके मांडायचे. आडवी वर्षं, उभ्या तारखा. ठिपके जोडले की नाताळची रेघ सरळ जाते, ईदची एकसारखी खाली उतरते, आणि दिवाळीची खाली जाऊन पुन्हा वर चढते. मग वर्गात जी कुजबुज सुरू होते, ती थांबवू नये.

आता आकडेमोड. एका पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस जातात. गुणिले बारा, म्हणजे 354. सूर्याचं वर्ष 365 दिवसांचं. वजाबाकी करा: अकरा. ईदच्या तारखा पुन्हा पाहा. 14 मे ते 3 मे, अकरा दिवस. 3 मे ते 22 एप्रिल, पुन्हा अकरा. स्वतःच्या वजाबाकीचं उत्तर कॅलेंडरमध्ये सापडलेलं मूल त्या दिवशी घरी जाऊन काय सांगतं, ते वेगळं विचारायला नको.

दिवाळीनं मात्र उडी मारली. कारण हिंदू पंचांग चंद्राबरोबर चालतं, पण ऋतूंचा हात सोडत नाही. अकरा-अकरा दिवसांची तूट साचत जाते आणि साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक महिना घालून भरून काढली जाते. 2023 मध्ये अधिक श्रावण आला होता. ज्यू पंचांगातही असाच जादा महिना आहे. तिथे एकोणीस वर्षांत सात अधिक महिने येतात. इस्लामी कालगणनेत तो नाही, म्हणून ईद सगळ्या ऋतूंमधून फिरून येते. तिला एक फेरी पुरी करायला साधारण 33 वर्षं लागतात. 2000 साली तर रमजान ईद एकाच इंग्रजी वर्षात दोनदा आली, एकदा जानेवारीच्या सुरुवातीला आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटी. हे सांगितलं की हमखास प्रश्न येतो, ‘मग सुट्टीही दोनदा?’ येऊ द्यावा.

हा तास गणिताचा, विज्ञानाचा की समाजशास्त्राचा? वेळापत्रकात तो कुठे बसवायचा, हे मुख्याध्यापकांनी पाहावं.

(दृश्य: चौकोनी कागद, घडी घालणारे छोटे हात.)

कात्री मुळीच नको, असं नाही. कागदी हिमकण घ्या. वर्षअखेरीला जगभरातल्या वर्गांत ते कापले जातात, आणि बहुतेक चुकीचे कापले जातात. कागद निम्मा, पुन्हा निम्मा, पुन्हा निम्मा असा दुमडला तर उलगडल्यावर चार किंवा आठ पाकळ्या मिळतात. खऱ्या हिमकणाला असतात सहा.

सहाच का, हा प्रश्न योहानेस केप्लर या खगोलशास्त्रज्ञालाही पडला होता. 1611 मध्ये त्यानं त्यावर एक छोटा निबंध लिहिला आणि आपल्या आश्रयदात्याला नववर्षाची भेट म्हणून दिला. पुरतं उत्तर त्याच्या हाती लागलं नाही. ते पुढे कळलं: बर्फ होताना पाण्याचे रेणू षटकोनी मांडणीत बसतात, आणि तोच षटकोन वाढत वाढत डोळ्यांना दिसण्याइतका होतो.

मग सहा पाकळ्यांसाठी घडी कशी घालायची? लगेच सांगू नका. अर्धा तास कागद वाया जाऊ द्या. कुणीतरी शोधून काढतंच की, चौकोन कर्णावर दुमडल्यावर जो सरळ कोन उरतो, त्याचे दोन नाही, तीन सारखे भाग करायचे. 180 भागिले तीन, 60. ती पाचर मधोमध आणखी एकदा दुमडायची आणि मग कापायचं. कोनमापक पेटीतून आपणहून बाहेर काढावंसं वाटण्याचा हा दुर्मीळ प्रसंग.

(दृश्य: बशीत पाणी, मधोमध जळती मेणबत्ती. तिच्यावर काचेचा पेला उपडा ठेवला जातो.)

मेणबत्ती आणि विज्ञान यांचं नातं जुनं. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये 1825 पासून नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी व्याख्यानं होत आली आहेत. मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञानं तिथे एका साध्या मेणबत्तीवर अख्खी व्याख्यानमाला दिली होती.

वर्गात मात्र मेणबत्तीचा एक प्रयोग वर्षानुवर्षं चुकीच्या उत्तरासह केला जातो. पेला उपडा ठेवला, ज्योत विझली, पाणी आत चढलं. का? ‘ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्यानं घेतली.’ हे उत्तर कित्येक वह्यांमध्ये आहे. ते खरं असतं, तर ज्योत जळत असताना पाणी हळूहळू वर सरकत राहिलं असतं. प्रत्यक्षात ते बरंचसं चढतं ज्योत विझताना आणि विझल्यावर. पेला ठेवताना आत तापलेली, फुगलेली हवा होती. ती थंड होऊन आकसली, आणि बाहेरच्या हवेच्या दाबानं पाणी आत ढकललं.

म्हणून उत्तर सांगण्याआधी एवढंच म्हणायचं: पाणी नेमकं कधी चढतं, ते बघा. काडी शिक्षकांनीच ओढायची, हे वेगळं सांगायला नकोच.

(दृश्य: पृथ्वीगोल. अंधाऱ्या खोलीत एका बाजूनं विजेरीचा झोत.)

भूगोलासाठी 31 डिसेंबरची रात्र पुरेशी आहे. नवं वर्ष सगळ्यात आधी येतं प्रशांत महासागरात, किरिबाती देशाच्या पूर्वेकडच्या बेटांवर. तिथलं घड्याळ जागतिक वेळेच्या 14 तास पुढे. सगळ्यात मागे निर्मनुष्य बेकर बेट, 12 तास मागे. म्हणजे जगभरात बारा वाजायला 24 नव्हे, 26 तास लागतात. कसे, ते विजेरी आणि गोल घेऊन मुलांनाच उलगडू द्या.

प्रशांत महासागरातल्याच सामोआ या देशानं तर 2011 मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषेची बाजू बदलली आणि 30 डिसेंबर ही तारीखच गाळून टाकली. शेजारचं अमेरिकन सामोआ पलीकडेच राहिलं. आज दोन्हीकडच्या घड्याळांत वेळ तीच असते, तारीख मात्र वेगळी. 30 डिसेंबरला वाढदिवस असणाऱ्यांनी त्या वर्षी काय केलं असेल, यावर भाषेच्या तासाला सुरेख निबंध होतो. ‘माझा आवडता सण’ हा विषय एखादं वर्ष विश्रांती घेऊ शकतो.

(दृश्य: भेटकार्डांचा ढीग.)

भेटकार्डंही मोजता येतात. चार मुलांनी एकमेकांना कार्डं दिली, तर एकूण किती? बारा. तीस मुलांनी दिली तर? 870. एवढ्या कागदाचा विचार करून वर्ग बहुधा स्वतःच ठरवतो की प्रत्येकानं एकच द्यावं.

छापील नाताळकार्ड निघालं तेही वेळ वाचवण्यासाठी. 1843 मध्ये लंडनच्या हेन्री कोल यांच्याकडे उत्तरं द्यायची पत्रं साचली होती. त्यांनी चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं आणि हजारभर प्रती छापल्या. मुलांकडे मात्र वेळ असतो. ‘हार्दिक शुभेच्छा’ फळ्यावरून उतरवून घेणं हे शुद्धलेखन झालं. ज्याला कार्ड द्यायचं, त्यानं या वर्षी आपल्यासाठी केलेली एक गोष्ट त्यात लिहायची, एवढीच अट घाला. एका ओळीसाठी मुलं वीस-वीस मिनिटं पेन्सिल चावत बसतात.

(दृश्य: वर्ग. एक मूल खिडकीशी बसून वही उघडतं.)

एक अवघड बाब. वर्गात एखादं मूल असं असतं, ज्याच्या घरी तो सण होत नाही. कुणाच्या घरी नुकतंच काही दुःख घडलेलं असतं. ‘घरी काय काय आणलं?’ हा प्रश्न त्यांना कोपऱ्यात ढकलतो. तारखा, कोन, ज्योत आणि घड्याळं यांचा फायदा इथे दिसतो: घरी काय होतं, हे न सांगताही प्रत्येकाला त्यात हात घालता येतो. ज्याला सांगायचं असेल, तो सांगतोच.

आणि सुट्टीचा अभ्यास? पानं भरून नको. एक कागद, त्यावर सुट्टीतल्या प्रत्येक दिवसासाठी एक रिकामं वर्तुळ. रोज एकदा आकाशात पाहायचं, चंद्र दिसेल तसा काढायचा, वेळ लिहायची. काही दिवस तो संध्याकाळी दिसणारच नाही, पहाटे किंवा भर सकाळी शोधावा लागेल. ढग असतील तर वर्तुळ रिकामं ठेवून खाली ‘ढग’ लिहायचं, मनानं भरायचं नाही. शाळा उघडली की सगळे कागद भिंतीवर शेजारी शेजारी लावायचे. एकाच तारखेला दोघांचे चंद्र वेगळे निघाले, तर पहिला तास त्यांच्या भांडणाला द्यायचा.