उन्हाळ्यात रिकामा दिसणारा सडा

सप्टेंबरचा शनिवार-रविवार आला की यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची रांग लागते, पुणे मुंबई कोल्हापूर सगळीकडनं लोकं येतात कासला, फुलं बघायला, आणि यावंच, तेरडा आणि सोनकी एकदम फुललेली असताना ते पठार बघितलं नाही तर मग काय बघितलं. पण आजच्या व्हिडिओत आपण फुलांकडं बघणार नाहीये. त्या फुलांच्या मधेमधे जी पाण्याची डबकी असतात ना, घोटाभर पण पाणी नसतं ज्यांच्यात, आणि ज्यांच्यातनं बूट भिजायला नकोत म्हणून लोकं उडी मारून पुढं जातात, त्यांच्यात वाकून बघायचंय.

कॅमेरा पाण्याच्या अगदी जवळ नेलाय. सुरुवातीला काहीच दिसत नाही, तळाला थोडा गाळ आणि शेवाळ. थोडं थांबा. आता बघा, डाव्या बाजूला, ते जे पारदर्शक काहीतरी सरकतंय, जेमतेम बोटाच्या एका पेराएवढं, तो आहे फेअरी श्रिम्प. नावात श्रिम्प असलं तरी बाजारात मिळते ती कोळंबी ही नव्हे, कोळंबी आणि खेकड्यांचा हा लांबचा, फार जुना नातेवाईक. आणि तो पोहतो कसा बघा, उताणा! पोट वर, पाठ खाली, आणि पायांच्या अकरा जोड्या सतत हलत असतात, एकामागून एक, लाटेसारख्या. त्याच पायांनी तो पुढं जातो, त्यांनीच पाण्यातलं बारीक शेवाळ गाळून खातो आणि श्वास घ्यायला पण तेच पाय. कवच नाही, नांगी नाही, पळून लपायला जागा पण नाही. म्हणजे हा प्राणी जगतो तो एकाच अटीवर, की पाण्यात मासा नको. मासा आला की संपलं.

म्हणून त्याला अशीच जागा लागते जिथं मासा पोचू शकत नाही, आणि पोचला तरी टिकू शकत नाही. कास हे समुद्रसपाटीपासून साधारण 1200 मीटरवर, खाली काळा बेसाल्ट आणि वरती जांभ्याचा थर, माती म्हणाल तर कुठं चार बोटं तर कुठं तेवढी पण नाही. जांभ्याच्या खळग्यांत पावसाचं पाणी साचतं. ओढा येऊन मिळत नाही, झरा नाही, आभाळातनं पडेल तेवढंच पाणी, त्यामुळं त्यात क्षार अगदी कमी, आणि ऊन पडलं की दुपारपर्यंत कोमट आणि ढग आले की परत गार, एका दिवसात इतका फरक. जूनमध्ये भरतं आणि दसरा-दिवाळीपर्यंत कोरडं ठाक. अशा डोंगरमाथ्यावरच्या सपाट, खडकाळ पठाराला सडा म्हणतात, साताऱ्याच्या पश्चिमेला असे सडे बरेच आहेत, ठोसेघरच्या वरती चाळकेवाडीचा पवनचक्क्यांचा सडा तुम्ही बघितला असेलच.

आता प्रश्न असा की जे डबकं वर्षातले सात-आठ महिने अस्तित्वातच नसतं, त्यात हा प्राणी दरवर्षी येतो कुठनं?

तो येत नाही कुठनं, तो तिथंच असतो. मादीच्या पायांमागं एक छोटी पिशवी असते, त्यात अंडी, आणि ती अंडी तळाच्या गाळात पडतात. डबकं आटतं, मोठे प्राणी मरतात, गाळ वाळून भेगा पडतात, मे महिन्यात तो खडक असा तापतो की तळहात टेकवत नाही, आणि एवढ्या सगळ्यात ती अंडी जिवंत राहतात. वरचं कवच जाड असतं, आतल्या गर्भाची वाढ मधेच थांबलेली असते आणि शरीराचं काम जवळजवळ बंद. एक वर्ष नाही, कितीतरी वर्षं अशी राहू शकतात. पाऊस पडला, पाणी साचलं की एक-दोन दिवसांत पिल्लं बाहेर, आणि मग घाई, काही आठवड्यांत वाढायचं, जोडी जमवायची, अंडी घालायची, कारण पाणी कधी जाईल सांगता येत नाही.

आणि यातली सगळ्यात भारी गोष्ट सांगतो, मला स्वतःला हीच सगळ्यात जास्त आवडते. पहिल्या पावसाला सगळी अंडी फुटत नाहीत. काही फुटतात, बाकीची तशीच थांबतात, पाणी असूनसुद्धा. कारण आपल्याकडं मृगाचा पाऊस पडतो आणि मग पंधरा दिवस गायब होतो हे काय नवीन नाही, अशा वेळी फुटलेली सगळी पिल्लं मरणार. शेतकरी जसा पहिल्याच पावसाला घरातलं सगळं बियाणं पेरून मोकळा होत नाही, दुबारची सोय ठेवतो, तसंच हे. त्यामुळं त्या वाळलेल्या गाळात एकाच वर्षाची अंडी नसतात, गेल्या वर्षाची, त्याच्या आधीच्या वर्षाची, अशी थरावर थर जमा असतात. अभ्यासक त्याला अंड्यांची बँकच म्हणतात.

या प्राण्यांवरचा अभ्यास आपल्याकडं तसा उशिरा सुरू झाला. ओढ्या-नद्यांकडं लक्ष आधी गेलं, नेल्सन अ‍ॅनन्डेल म्हणून भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख होते, त्यांनी 1919 मध्ये मुंबई इलाख्यातल्या छोट्या ओढ्यांमधल्या प्राण्यांवर लिहिलं आणि त्यात सातारा आणि पुणे जिल्ह्यातले मासे आहेत. सड्यावरच्या डबक्यांकडं मात्र नीट बघायला अगदी अलीकडचा काळ उजाडला. 2014 मध्ये क्रिस्टोफर रॉजर्स आणि समीर पाध्ये यांनी उत्तर सह्याद्रीतल्या एका फेअरी श्रिम्पचं नवीन जात म्हणून वर्णन केलं, स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रीएन्सिस. सह्याद्री एवढा पायाखाली तुडवलेला, गड-किल्ले काय, ट्रेक काय, आणि त्याच्या माथ्यावर पोहणाऱ्या या प्राण्याला शास्त्रात नाव मिळायला 2014 उजाडावं लागलं, याचं मला खरंच आश्चर्य वाटतं.

जात ओळखायची कशी? नराच्या डोक्यावर पुढच्या बाजूला मिशांची दुसरी जोडी असते, मादीला धरून ठेवायला, आणि प्रत्येक जातीत तिचा आकार वेगळा. ते मायक्रोस्कोपखाली बघायचं, चित्र काढायचं, अंड्यावरची नक्षी पण बघायची. फील्डवरचं सामान मात्र साधं, बारीक जाळीचं नेट, अल्कोहोलच्या छोट्या बाटल्या, थर्मामीटर, पाण्याचा पीएच आणि क्षार मोजायचं मीटर, जीपीएस, आणि खोली मोजायला पट्टी. शिवाय वनखात्याची परवानगी. आणि दुसरी पद्धत आहे ती उन्हाळ्यातली, कोरड्या डबक्यातली मूठभर माती आणायची, लॅबमध्ये ट्रेत पसरायची, त्यावर पाणी ओतायचं आणि बघत बसायचं कोण कोण बाहेर येतंय. पावसाळ्यात जाळ्यात न सापडलेला प्राणी कधीकधी असा मातीतनं निघतो.

फेअरी श्रिम्प एकटा नसतो. दोन झाकणांच्या शिंपल्यात बसल्यासारखे दिसणारे क्लॅम श्रिम्प सड्यांवरच्या अशा पाण्यात मिळतात, पाणपिसवा असतात, बेडकांची पिल्लं असतात. चतुरांची पिल्लं तळाशी दबा धरून असतात, त्यातला भटका चतुर तर अशाच पावसाळी डबक्यांत दीड-दोन महिन्यांत मोठा होतो आणि मग वाऱ्याबरोबर निघतो, ऑक्टोबरात मालदीववर उतरणारे चतुर भारतातनं गेलेले असतात आणि पुढं आफ्रिकेकडं जातात असं चार्ल्स अँडरसन यांनी 2009 मध्ये मांडलं. आणि सीतेची आसवं, ते निळं-जांभळं फूल ज्याचे फोटो सगळे काढतात, त्याच्या मुळाशी बारीक फुगे असतात, ओल्या मातीतला सूक्ष्म जीव जवळ आला की फुगा पापणी लवायच्या आत त्याला आत ओढतो. जांभ्यावर नायट्रोजन मिळत नाही म्हणून ही सोय. म्हणजे वरती जे फूल दिसतंय ते पण खालच्या या दुनियेवरच वाढलंय.

आता जे सांगायचंय ते नीट ऐका. पश्चिम घाटातल्या 39 ठिकाणांना 2012 मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून घेतलं, त्यात कास आहे, तिथं फुलांच्या दिवसात तिकीट असतं, गार्ड असतात, पायवाट सोडली की शिट्टी वाजते. पण असे सडे कासच्या बाहेर कितीतरी आहेत, त्यांना तिकीट नाही आणि गार्ड पण नाही. सातबाऱ्यावर अशी जमीन बऱ्याचदा पोटखराब, म्हणजे लागवडीला न येणारी, म्हणून लागलेली असते. आणि त्याचं काय करायचं हे ठरतं कधी, तर उन्हाळ्यात, जेव्हा तिथं काळा-तांबडा खडक सोडून काही दिसत नाही. मग जेसीबी येतो, खळगे मुरूम टाकून भरले जातात, पार्किंग होतं, रिसॉर्टला रस्ता होतो. सगळ्यांना वाटतं मोकळी जागा होती. मोकळी नव्हती, अंड्यांची बँक होती ती, आणि मुरमाखाली गेलेल्या अंड्यापर्यंत पुढच्या जूनचं पाणी पोचत नाही.

गुरांचं विचाराल तर माझं मत थोडं वेगळं आहे. शेणानं पाणी बिघडतं हे खरं, पण खुराला लागलेल्या चिखलातनं हीच अंडी एका डबक्यातनं दुसऱ्यात जातात, पक्ष्यांच्या पायांनी जातात तशीच, आणि गावची गुरं पिढ्यान्‌पिढ्या इथं चरत आलीयत. गाडीचं टायर आणि साबणाचं पाणी ही वेगळी गोष्ट आहे, डबक्यात गाडी धुताना मी लोकांना बघितलंय आणि प्रत्येक वेळी जाऊन सांगितलंय, बहुतेक जण ऐकतात.

पाऊस बदलतोय हे पण आहेच. जुलै-ऑगस्टमध्ये मोठी उघडीप पडली की डबकं मधेच आटतं, पिल्लं अंडी घालायच्या आधी जातात, बँकेतनं काढलं गेलं पण भरणा झाला नाही असं वर्ष जातं. एखादं वर्ष चालतं, ओळीनं चार-पाच वर्षं असं झालं तर काय होईल हे कळायला एकेका डबक्याची वर्षानुवर्षांची नोंद लागते, आणि पुण्यातनं महिन्यातनं एकदा येणाऱ्या माणसाला ती ठेवणं अवघड.

म्हणून यवतेश्वर, पेट्री, ठोसेघर, चाळकेवाडी भागातल्या शाळा-कॉलेजच्या पोरापोरींना सांगणंय. आपल्या सड्यावरची दोन-तीन डबकी निवडा. जूनमध्ये पाणी कधी भरलं ती तारीख लिहा, मधे आटलं तर ती, परत भरलं ती, शेवटी कोरडं पडलं ती. पट्टी बुडवून आठवड्यातनं एकदा खोली मोजा, मोबाईलनं एकाच जागेवर उभं राहून फोटो काढा, पाण्यात पाय न घालता. उताणा पोहणारा दिसला तर त्या दिवशीची तारीख वेगळी लिहा. वही जपून ठेवा आणि पुढच्या जूनमध्ये त्याच डबक्यांवर परत जा.