नळ आधी, भिंत नंतर

नमस्कार, श्रोतेहो.

तुमच्यापैकी कुणाच्या घराचं बांधकाम चालू असेल, वीटकाम वर आलं असेल आणि प्लंबर रोज फोन करून "ताई, भिंत फोडायला घेऊ का?" असं विचारत असेल, तर त्याला दोन दिवस थांबवा. आधी दुकानात जा आणि नळ ठरवा. नळ आधी, भिंत नंतर.

हल्ली शॉवरचं डायव्हर्टर, म्हणजे पाणी नळाला सोडायचं की शॉवरला ते वळवणारा भाग, भिंतीच्या आत जातं, बाहेर दिसतं ते फक्त हँडल. आतली बॉडी ज्या कंपनीची, हँडलही तिचंच लागतं. कमोडचंही तसंच. खाली जमिनीत पाइप सोडायचा असेल, तर मागच्या भिंतीपासून पाइपाच्या मध्यापर्यंतचं अंतर मॉडेलप्रमाणे बदलतं, कुठे 4 इंच, कुठे 9, कुठे 12. आणि हे अंतर टाइल लागल्यानंतरच्या भिंतीपासून धरायचं, उघड्या विटेपासून नाही. पाइप 9 इंचावर सोडला आणि कमोड 12 इंचाचा आणला, तर तो बसतच नाही.

आम्ही पुण्यात धायरीला घर बांधलं, तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी कॅटलॉग चाळून सगळं ठरवून ठेवलं होतं. गोल, गुळगुळीत नॉबचे नळ, सिंकवर छोटासा सुबक नळ. पैसे भरायला निघालो, तर सासूबाई म्हणाल्या, "मी पण येते." त्या वेळी त्यांचं वय बहात्तर. हातात एक भलीमोठी कापडी पिशवी. मला वाटलं, येताना मंडईत जायचं असेल.

दुकानात गेल्यावर त्यांनी पिशवीतून आमचं मोदकपात्र काढलं. गणपतीत एकवीस मोदक एका वेळी उकडतात, ते मोठं. ते त्यांनी मांडून ठेवलेल्या सिंकमध्ये ठेवायला घेतलं, तर काठ नळाच्या चोचीला अडला. पात्र तिरकं केलं, तरी आत जाईना.

"यात पाणी कसं भरायचं गं?" त्यांनी मला विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुकानातल्या मुलाने दुसरा नळ आणला, मग तिसरा. चौथ्या नळाची मान उंच होती आणि दोन्ही बाजूंना फिरत होती. त्याच्याखाली पात्र बसलं आणि वर चार बोटं जागा उरली. सासूबाईंनी ती चार बोटं खरंच घालून पाहिली. मग म्हणाल्या, "बाळा, जरा साबण आणि मगभर पाणी देतोस?"

त्याने आणून दिलं. त्यांनी कोपरापर्यंत फेस केला आणि मी पसंत केलेला गोल नॉब धरला. हात सटकला. पुन्हा धरला, पुन्हा सटकला. त्यांच्या बोटांना संधिवात होता, पण मीही साबणाचा हात लावून पाहिला तर माझाही घसरला. मग त्यांनी शेजारचा दांड्याचा नळ कोपराने वर ढकलला. अलगद उघडला. म्हणाल्या, "कणीक मळताना हात भरलेले असतात. नळ कोपराने उघडला पाहिजे."

दुकानदार गल्ला सोडून उठून आले. त्यांनी स्वतः खुर्ची आणली आणि म्हणाले, "आजी, बसा. आता एकेक नळ तुम्हीच बघा." पुढचा दीड तास आजींनी सतरा नळ तपासले. स्वयंपाकघर आणि खालची बाथरूम पूर्ण त्यांच्या पसंतीची झाली. वरची बाथरूम तेवढी मी हट्टाने माझ्याच मनासारखी ठेवली, त्याच गोल नॉबची.

दुकानात जाताना घरातलं मोठ्यात मोठं भांडं आणि साबणाची वडी घेऊन जा. खरंच घेऊन जा. टाइलचा नमुना घेतलात तर त्यावर पाणी ओता आणि अनवाणी उभं राहून बघा. हॉलमध्ये चकचकीत फरशी शोभते, बाथरूममध्ये तिच्यावरूनच पाय घसरतो.

आता शॉवरचं. पाण्याची टाकी शॉवरपासून 10 मीटर उंचावर असेल, तेव्हा कुठे 1 बार दाब मिळतो. बंगल्याच्या गच्चीवरची टाकी वरच्या मजल्यावरच्या शॉवरपासून जेमतेम दोन मीटर वर असते, म्हणजे दाब 0.2 बार. मोठ्या ताटासारखा शॉवर लावलात तर त्यातून पाणी नुसतं ठिबकणार. टाकीचा चौथरा वाढवा, नाहीतर पंपाची सोय आधीच करा. आणि बोअरचं पाणी वापरणार असाल, तर काळ्या मॅट नळांचा मोह सोडा. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग त्यावर दोन आठवड्यांत उठून दिसतात.

बोअरवरून आठवलं, म्हणून सांगते. घर झालं की लोक सगळ्या अंगणाला पेव्हर ब्लॉक घालून मोकळे होतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात बोअर आटली म्हणून टँकर बोलावतात. पाणी मुरायला थोडी तरी माती उघडी ठेवा. एक पारिजातक लावा. मला हे फार मनापासून वाटतं.

असो. नळ आधी, भिंत नंतर. चार वर्षांपूर्वी माझा उजवा हात मोडला. सहा आठवडे प्लास्टर. डाव्या ओल्या हाताने वरच्या बाथरूमचा नॉब फिरेना, म्हणून तेवढे दिवस रोज खाली उतरून, सासूबाईंच्या दांड्याच्या नळाखाली आंघोळ केली. प्लास्टर निघाल्यावर वरचे नॉब बदलायला घेतले, तर ते मॉडेल बंद झालेलं. नुसतं हँडल मिळेना. आतली बॉडी बदलायची म्हणून भिंत फोडली, दोन टाइल गेल्या. तशाच टाइल बाजारात शोधल्या, पण त्या बॅचची छटा काही मिळाली नाही. टाइल घेताना एक खोकं जास्तीचं घ्या, एकाच बॅचचं, आणि माळ्यावर ठेवून द्या. आमच्याकडे ते नव्हतं. शॉवरखालच्या त्या दोन टाइल आजही बाकीच्यांपेक्षा किंचित पिवळ्या दिसतात.

नमस्कार.