उजळाईवाडी ते चिपी: आकाशातले अंतर आणि घाटातले अंतर

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापूरचे उजळाईवाडी विमानतळ आणि सिंधुदुर्गातले परुळ्याजवळचे चिपी विमानतळ यांच्यात अंतर किती, हा प्रश्न दिसतो तेवढा सरळ नाही. नकाशा हाती असेल तर आकाशातले अंतर घरबसल्या काढता येते. उजळाईवाडी सुमारे १६.६६ उत्तर अक्षांशावर आणि चिपी जवळजवळ १६ अंशांवर आहे, म्हणजे दोहोंत दक्षिणोत्तर दोनतृतीयांश अंशाचा फरक पडतो. अक्षांशाचा एक अंश साधारण १११ किलोमीटरचा असल्याने हे अंतर ७४ किलोमीटरच्या आसपास येते. रेखांशातला फरक पाऊण अंशाचा आहे, पण रेखांश ध्रुवांकडे जवळ येत जात असल्याने आपल्या भागात त्याचा एक अंश १०७ किलोमीटरच भरतो, आणि पूर्वपश्चिम अंतर ८० किलोमीटरच्या जरा पुढे जाते. शाळेत शिकलेला काटकोन त्रिकोणाचा नियम येथे लावला की उत्तर येते सुमारे ११० किलोमीटर. वैमानिक हेच अंतर सागरी मैलांत, म्हणजे साठाच्या आसपास सांगेल. चिपीची धावपट्टीच अडीच किलोमीटर लांब आहे, त्यामुळे मोजणी नेमक्या कोणत्या बिंदूपासून केली यावरही आकडा थोडा हलतो.

आता रस्त्याने निघू. उजळाईवाडी शहराच्या आग्नेयेला आहे, त्यामुळे आधी शहराला वळसा घालून राधानगरीच्या रस्त्याला लागायचे, मग दाजीपूरच्या जंगलातून फोंडा घाट उतरून कणकवली गाठायची आणि तेथून कुडाळ, पाट, परुळे करत चिपीला पोहोचायचे. हा प्रवास दीडशे किलोमीटरच्या वर जातो. एसटीने हा घाट उतरलेल्यांना किलोमीटरपेक्षा वळणेच अधिक आठवतील. दाजीपूर मागे पडले की चालक गाडी खालच्या गिअरवर घेतो, खिडकीत बसलेले पुढचे बाक घट्ट धरतात, आणि कोणीतरी पिशवीतून आवळासुपारी काढून शेजाऱ्याला देतो. उजळाईवाडी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि चिपी साठेक मीटरवर. ही उंची सह्याद्री जिथे उतरू देतो तिथेच रस्ता उतरतो.

विमानही या रेषेवरून काटेकोर जाणार नाही. उड्डाण आणि उतरणे ही दोन्ही धावपट्टीच्या दिशेने आणि शक्यतो समोरून येणाऱ्या वाऱ्यात करावी लागतात, त्यामुळे सुरुवातीला व शेवटी वळसे पडतातच. ताशी ५०० किलोमीटर वेगाच्या लहान विमानाला ११० किलोमीटर कापायला तेरा-चौदा मिनिटे पुरतील, पण विमानतळावर आधी पोहोचणे, तपासणी आणि सामान यांतच त्याहून कितीतरी अधिक वेळ जाईल. एवढ्या थोड्या अंतरासाठी विमान कोणालाही परवडेल असे मला वाटत नाही. चिपी ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाले, तर कोल्हापूरचे विमानतळ १९३९पासूनचे आहे. दोन्ही विमानतळांचा खरा उपयोग मुंबईसारख्या लांबच्या गावांसाठीच आहे.

पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की चालक आजरा-आंबोलीकडून सावंतवाडीला उतरतो, आणि रस्त्याचा हिशेब पुन्हा नव्याने मांडावा लागतो. म्हणूनच आमच्याकडे कोणी अंतर विचारले तर उत्तर तासांत मिळते: ‘घाट मोकळा असेल तर चार तास.’

नमस्कार.