सावकाश होऊ द्या, बाईसाहेब

नमस्कार श्रोतेहो. पंगतीत पानं वाढून झाली की यजमान हात जोडून म्हणतो, "सावकाश होऊ द्या." जवळपास हाच आग्रह चीनच्या छांगशा शहरात, हूनान वस्तुसंग्रहालयातल्या ताटल्यांवर लिहिलेला आहे. तांबडा-काळा गुळगुळीत रंग आणि चिनी अक्षरं: आपण जेवावं. पेल्यांवर लिहिलंय: आपण मद्य घ्यावं. ज्यांना हा आग्रह चाललाय, त्या बाईंना जाऊन 2,100 वर्षांहून अधिक काळ लोटलाय.

बाईंचं नाव शिन झुई. हान राजवटीतल्या ली त्सांग नावाच्या सरदाराची ही पत्नी. 1972 साली छांगशातल्याच मावांगत्वी इथली तिची कबर उघडली. एकात एक बसवलेल्या चार शवपेट्या, त्यांच्याभोवती कोळशाचा थर आणि बाहेरून चिकट पांढऱ्या मातीचं लिंपण. हवा आत जायला जागाच नाही! बाईंची त्वचा मऊ राहिली होती, सांधे वाकत होते. डॉक्टरांनी रीतसर शवविच्छेदन केलं. वय पन्नाशीच्या आसपास, हृदयाच्या धमन्या तुंबलेल्या, पित्ताशयात खडे. आणि अन्नमार्गात खरबुजाच्या 138 बिया. म्हणजे बाई गेल्या त्या खरबुजांच्या दिवसांत, आणि फळ घाईघाईत खाऊन.

पुरलेला खजिना म्हटलं की आपली नजर सोनं शोधते. इथे टोपल्या भरभरून नाणी मिळाली, पण ती मातीची! नोकरचाकर होते, तेही लाकडी, एकूण 162 बाहुल्या. पैसा लुटुपुटूचा, माणसं लुटुपुटूची. जेवण मात्र खरं. तांदूळ, गहू, सोयाबीन, नासपती, मासे, ससा, हरिण, कोंबडी, अंडी, बरंचसं बांबूच्या पेटाऱ्यांत भरलेलं. शिवाय काय काय ठेवलं त्याची यादी बांबूच्या 312 पट्ट्यांवर. लग्नघरातल्या कोठीवर बसलेल्या काकूंनी हे बघितलं असतं तर मान डोलावली असती.

त्या ताटल्यांविषयी थोडं. त्यांना चढवलेला लेप झाडाच्या चिकाचा. पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, घोटायचा, पुन्हा थर. सावंतवाडीची लाखेची खेळणी आठवतील, पण ती लाख किड्यापासून मिळते, हा चीक झाडाचा. पाण्यात, ओलीत शतकानुशतकं राहूनही त्याची चकाकी गेली नाही.

माझा जीव मात्र अडकलाय एका झग्यात. बिनअस्तराचा, विरविरीत रेशमाचा, लांबी 128 सेंटिमीटर, लांबरुंद बाह्या, आणि वजन 49 ग्रॅम. स्वयंपाकघरातलं एक अंडं हातात घेऊन बघा, साधारण तेवढंच. त्याची हुबेहूब नक्कल करायला आजचे विणकर बसले, तर पहिला झगा 80 ग्रॅमच्या वर गेला. कसब कमी पडलं म्हणावं, तर मोठी अडचण किड्यांची निघाली. आजचे रेशीमकिडे जास्त धष्टपुष्ट, त्यामुळे त्यांचा धागाही जाड! बारीक किडे तयार करण्यापासून सुरुवात करावी लागली आणि या खटाटोपात वर्षानुवर्षं गेली.

शवपेटीवर टी आकाराचं रेशमी चित्र पसरलेलं होतं. वर एका बाजूला सूर्यात कावळा, दुसऱ्या बाजूला चंद्रावर बेडूक आणि ससा. चंद्रावरचा ससा आपल्याही ओळखीचा. मधोमध काठी टेकत उभी एक प्रौढ बाई, मागे दासी. ही शिन झुईच असावी असं मानतात. स्वर्गाच्या वाटेवरही चित्रकारानं तिच्या हातातली काठी काढून घेतली नाही, हे मला फार आवडतं.

आणि एक भांडं. त्याचं झाकण उघडलं तेव्हा आत पाण्यावर कमळकाकडीच्या चकत्या तरंगत होत्या, भोकांसकट, जशा सुरीनं कापल्या तशा. भांडं उचलून नेताना पाणी हिंदकळलं आणि त्या तिथल्या तिथे विरघळून गेल्या. 2,100 वर्षं वाट पाहिलेलं सार, चाखायला कुणी यायच्या आतच संपलं.