सामुतिरीच्या दरबारातला आहेर

नमस्कार श्रोतेहो.

आज काळ्या मिरीबद्दल बोलायचंय. मिरी म्हणजे काय, हे तुम्हाला सांगत बसत नाही, सर्दी झाली की काढ्यात काय घालायचं ते घराघरांत ठाऊक आहे. फक्त एक विनंती करतो. मिरी आयत्या वेळी कुटा हो. पुडीत महिनोन्‌महिने पडलेली मिरपूड म्हणजे नुसता काळा भुसा, ना वास ना तिखटपणा. असो, विषय तो नाही.

विषय असा की याच मिरीसाठी जुलै १४९७ मध्ये पोर्तुगालमधल्या लिस्बनहून चार जहाजं निघाली. वास्को द गामा त्यांचा प्रमुख, बरोबर साधारण १७० माणसं. आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून ती तिच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मालिंदीला पोहोचली. तिथल्या राजाने एक वाटाड्या दिला. त्याला आपल्या समुद्राचे वारे पाठ होते. त्याने २३-२४ दिवसांत जहाजं मलबारच्या किनाऱ्याला आणली. २० मे १४९८ ला गामाने कालिकतजवळ नांगर टाकला. ही तारीख आपण सगळ्यांनी एका मार्कासाठी पाठ केली आणि पेपर झाल्यावर विसरलो. शाळेत इतिहास तिथे संपतो. खरी गंमत मात्र तिथून पुढे सुरू होते.

ती गंमत एका ओळीत सांगून ठेवतो, कारण आजचं सगळं बोलणं तिच्याभोवती फिरणार आहे. या माणसांना घ्यायचं होतं खूप, आणि द्यायला जवळ काही नव्हतं. घ्यायचं खूप, द्यायला काही नाही.

तर ऐका. गामा स्वतः लगेच उतरला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने एका गुन्हेगाराला किनाऱ्यावर पाठवलं. अशा शिक्षा झालेल्या माणसांना मुद्दाम बरोबर आणलेलं असे. अनोळखी ठिकाणी आधी त्यांना धाडायचं. मेला तर तो मेला. लोकांनी या माणसाला थेट ट्युनिसच्या दोन मुसलमान व्यापाऱ्यांकडे नेलं, कारण त्यांना स्पॅनिश येत होतं. इतक्या लांब, वर्षभर समुद्रात काढून आलेला माणूस, आणि त्याला पहिलं वाक्य ऐकू आलं ते आपल्या शेजारच्या देशाच्या भाषेत, आणि तेही शिवीच! सैतान नेवो तुला, इकडे कुठे कडमडलास? पठ्ठ्याने सांगितलं, ख्रिस्ती माणसं आणि मसाले शोधायला आलोय. मग त्यांनी त्याला गव्हाची भाकरी आणि मध खायला दिला. शिवी देऊन झाल्यावर का होईना, पाहुण्याला जेवू घातलं.

हे मी मनाचं सांगत नाहीये. त्या जहाजांवरच्या एका माणसाने लिहिलेली रोजनिशी शिल्लक आहे, तिच्यात हे सगळं आहे.

२८ मे रोजी गामा तेरा माणसं घेऊन उतरला. पालखीतून मिरवणूक निघाली, ढोल, शिंगं, बघ्यांची तोबा गर्दी. वाटेत एक मोठं देऊळ लागलं. आता या मंडळींची पक्की समजूत अशी होती की जे मुसलमान नाहीत ते ख्रिस्तीच असणार. म्हणून देऊळ त्यांना चर्च वाटलं! आत गेले, गुडघे टेकले, प्रार्थना केली. पुजाऱ्यांनी अंगावर तीर्थ शिंपडलं, कपाळाला लावायला भस्मासारखी पांढरी माती दिली. भिंतींवर चित्रं होती, कुणाला चार हात, कुणाचे दात तोंडाबाहेर आलेले. पाहुण्यांनी मानलं, हे इकडचे संत. एकाला मात्र शंका आली. पुढे गोव्यात दहाएक वर्षं राहून गेलेल्या एका पोर्तुगीज बखरकाराने लिहिलंय की हा माणूस गुडघे टेकता टेकता पुटपुटला, हा सैतान असला तर असो, मी आपला खऱ्या देवाला नमस्कार करतोय. शेजारी गामा होता, तो ऐकून हसला.

मग राजवाडा. कालिकतचा राजा सामुतिरी, आपल्या पुस्तकांतला झामोरिन, हिरव्या मखमलीच्या बैठकीवर रेलून विडा चघळत बसलेला. हातात सोन्याची पिकदाणी. पाहुण्यांना केळी आणि फणसासारखं फळ दिलं. त्यांनी पाणी मागितलं. आणि त्यांना सांगण्यात आलं, भांडं तोंडाला लावायचं नाही, वरून प्यायचं!

आता आपल्याकडे चार वर्षांचं पोर तांब्या वर धरून घटाघट पाणी पितं. म्हणजे प्यायचं. हल्ली जो तो बाटली तोंडाला लावतो आणि तीच बाटली पुढे देतो, मला ते अजिबात आवडत नाही. तर हे दर्यावर्दी. अर्ध्यांच्या घशात पाणी गेलं आणि ठसका लागला, उरलेल्यांनी तोंडावर आणि कपड्यांवर ओतून घेतलं. हेही त्याच बखरकाराने लिहिलंय. राजाची मोठी करमणूक झाली म्हणे.

इथवर सगळं हसतखेळत चाललं होतं. दुसऱ्या दिवशी गामाने राजाला द्यायचा आहेर मांडला. तो आधी सामुतिरीच्या कारभाऱ्यांना दाखवायचा, असा रिवाज. यादी सावकाश वाचतो. पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे बारा तुकडे. लाल कापडाच्या चार टोप्या, कान झाकणाऱ्या. सहा हॅट. पोवळ्यांच्या चार माळा. हात धुवायची सहा तस्तं. साखरेची एक पेटी. दोन पिंपं तेल, दोन पिंपं मध.

बस. एवढंच.

ज्या राजाची पिकदाणी सोन्याची, त्याला हात धुवायची तस्तं! कारभारी हसत सुटले. म्हणाले, मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीसुद्धा यापेक्षा जास्त देतो. काही द्यायचंच असेल तर सोनं द्या, असलं काही राजा घेणार नाही. गामा म्हणाला, मी व्यापारी नाही, राजदूत आहे, आणि हे मी माझ्या पदरचं देतोय, माझ्या राजाचं नव्हे. कुणी ऐकेना. एरवी मी आहेर या प्रकाराच्याच विरुद्ध आहे. पत्रिकेवर ‘आहेर आणू नये’ छापायचं आणि पाकिटावर नाव आहे की नाही ते बघायचं, ही आपली तऱ्हा. पण दुसऱ्याच्या दारात व्यापाराची परवानगी मागायला जाताना माणसाने निदान त्या बाजाराची चौकशी करावी की नाही?

पुढच्या भेटीत सामुतिरीने त्याला सरळ विचारलं. तू म्हणतोस मोठ्या श्रीमंत राज्यातून आलास, मग रिकाम्या हाताने कसा? तू शोधायला काय आलास, रत्नं की माणसं? माणसं शोधायला आला असशील तर काही आणलं का नाहीस? मग म्हणाला, तुझ्या जहाजावर मेरीमातेची सोन्याची मूर्ती आहे असं ऐकतो, ती दे. गामा उत्तरला, ती सोन्याची नाही, आणि असती तरी दिली नसती, तिनेच मला समुद्र पार करून आणलंय. हे उत्तर मात्र मला आवडतं.

नंतर माल विकायला काढला, तिथेही तीच कथा. पोर्तुगालमध्ये तीनशे रेइसना, म्हणजे त्यांच्या नाण्यांना, जाणारा झुळझुळीत सदरा कालिकतच्या बाजारात तीस रेइसना गेला, दहा हिश्श्यांना एक हिस्सा. खलाशांनी कडी आणि अंगावरचे सदरे विकून लवंग-दालचिनी घेतली. घ्यायचं खूप, द्यायला सदरे.

२९ ऑगस्टला गामा निघाला. ईशान्येचे वारे अजून सुरू व्हायचे होते. वाटेत कारवारजवळच्या अंजदीव बेटावर त्याने जहाजं साफसूफ केली. तिथे गोव्याच्या आदिलशाही अधिकाऱ्याच्या चाकरीतला, व्हेनिसची भाषा बोलणारा एक यहुदी माणूस भेटायला आला. त्याला हेर समजून फटके मारले आणि पोर्तुगालला नेलं. बाप्तिस्मा देऊन त्याचं नाव ठेवलं गास्पार द गामा, आणि पुढच्या सफरीत तो दुभाष्या म्हणून परत आला. त्याच्यावर एक वेगळं भाषण होईल. ५ ऑक्टोबरला अंजदीव सोडलं आणि मालिंदीला पोहोचायला तीन महिने लागले. येताना तेवीस-चोवीस दिवस, जाताना तीन महिने. हिरड्या सुजून त्या पट्ट्यात तीस माणसं मेली. वारा ओळखणारा वाटाड्या का महत्त्वाचा, ते कुठल्याही कोळीवाड्यात विचारा. घरी पोहोचले त्या १७० पैकी जेमतेम पंचावन्न.

वेळ थोडा उरलाय, म्हणून भराभर सांगतो. पोर्तुगीजांना दोन गोष्टी कळल्या. मिरी इथे अमाप आहे, आणि ती विकत घेण्याजोगं आपल्याकडे काही नाही. मग त्यांनी तोफा आणल्या. १५०० मध्ये काब्राल नावाचा त्यांचा कप्तान मोठा ताफा घेऊन आला. भांडण झालं, त्याची माणसं मारली गेली, त्याने कालिकतवर तोफा डागल्या. १५०८ मध्ये आपल्या चौलजवळ लढाई झाली, १५१० मध्ये गोवा गेलं. आणि त्यांनी समुद्रावर परवाना आणला, कार्ताझ. तो नसेल तर जहाज जप्त. शतकानुशतकं ज्या पाण्यात कुणीही ये-जा करत होतं, तिथे हे नाकेदार होऊन बसले. परवान्याची रक्कम किरकोळ होती, पण तो घेतला की पोर्तुगीज बंदराला लागून जकात भरणं आलं. म्हणजे द्यायला काही नसलं तरी वसूल करायला खूप मिळालं.

तरी नुसत्या तोफांनी मिरी मिळत नाही, पैसे मोजावेच लागतात. गामा निघताना सामुतिरीने पोर्तुगालच्या राजाला ताडपत्रावर पत्र दिलं होतं. माझ्या देशात दालचिनी, लवंग, सुंठ, मिरी आणि रत्नं आहेत. बदल्यात मला सोनं, चांदी, पोवळी आणि लाल कापड हवं. चांदी, श्रोतेहो, चांदी लक्षात ठेवा. ती युरोपकडे पुरेशी नव्हती. १५४५ मध्ये स्पॅनिशांना दक्षिण अमेरिकेत, आजच्या बोलिव्हियात, पोतोसीचा डोंगर सापडला. तिथल्या मूळ रहिवाशांना वेठीला धरून त्यांनी तो पोखरला. त्या चांदीची नाणी युरोपातून जहाजांत भरून इकडे येऊ लागली. १६०० मध्ये इंग्रजांची कंपनी निघाली, १६०२ मध्ये डचांची, आणि दोघांच्याही जहाजांत इकडे येताना मुख्य माल चांदीच असे. इंग्लंडात लोक ओरडू लागले की देशाची चांदी मसाल्यांपायी पूर्वेला चालली. ओरडणारे ओरडत राहिले आणि सुरतेच्या टांकसाळीत ती अमेरिकेची नाणी वितळवून मोगल बादशहाच्या नावाचे रुपये पडत राहिले.