आरडी 350 : वेगामागची रचना

श्रोतेहो, नमस्कार.

यामाहा कंपनीची आरडी 350 ही दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक मोटारसायकल 1973 साली आली आणि दहा वर्षांनी, 1983 साली, एस्कॉर्ट्स कंपनीने ती भारतात ‘राजदूत 350’ या नावाने बनवायला घेतली. तिचा विषय निघाला की बहुतेक जण वेगाच्याच गोष्टी सांगतात. माझ्या मते तिचे खरे मोठेपण पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामध्ये बसवलेल्या पोलादाच्या पातळ पट्ट्यांत, म्हणजेच रीड व्हॉल्व्हमध्ये आहे.

टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टन वर जाताना खालच्या बंद कप्प्यात, म्हणजे क्रँककेसमध्ये, पेट्रोल आणि हवेचे मिश्रण ओढले जाते, आणि पिस्टन खाली येताना तेच मिश्रण दाबले जाऊन सिलिंडरमध्ये चढते. यामाहाच्या आधीच्या आर 5 या गाडीत मिश्रणाची वाट उघडण्याचे आणि मिटण्याचे काम पिस्टनची कडाच करीत असे. जोरदार वेगासाठी ही वाट अधिक वेळ उघडी ठेवावी, तर इंजिन सावकाश फिरत असताना आत आलेले मिश्रण उलट कार्बोरेटरकडे फेकले जाई. रीड व्हॉल्व्हच्या पट्ट्या हार्मोनियमच्या रीडसारख्या एका बाजूने जखडलेल्या असतात. क्रँककेसमधला दाब कमी होताच त्या उघडतात आणि वाढताच मिटतात, त्यामुळे मिश्रणाला परत फिरण्याची वाटच राहत नाही. अवघ्या 347 सीसीच्या इंजिनातून मिनिटाला 7,500 फेऱ्यांना 39 अश्वशक्ती काढणारी ही गाडी गर्दीतही समजूतदारपणे चालते, याचे बरेचसे श्रेय या साध्या योजनेला द्यावे लागते.

भारतात आलेल्या गाडीची ताकद मात्र मुद्दाम कमी करण्यात आली. पहिल्या एचटी (हाय टॉर्क) प्रकारात ती सुमारे 30 अश्वशक्ती होती आणि पुढच्या एलटी (लो टॉर्क) प्रकारात त्याहूनही कमी. त्यातच मूळ गाडीचा पुढचा डिस्क ब्रेक जाऊन ड्रम ब्रेक आला. इतक्या चपळ गाडीच्या बाबतीत ही काटकसर मला आजही अयोग्य वाटते. चालवणाऱ्याच्या जिवाशी संबंध असलेली गोष्ट शेवटपर्यंत राखायला हवी होती. पेट्रोल जपून वापरणाऱ्या त्या काळात 100 सीसीच्या जपानी धाटणीच्या गाड्या आल्या आणि 350 मागे पडली. तरी तिची रीड व्हॉल्व्हची रचना एस्कॉर्ट्सनेच काढलेल्या आरएक्स 100 मध्ये पुढे चालू राहिली, आणि ती गाडी आपल्याकडे गावोगावी पोचली.

ज्यांच्याकडे आजही ही 350 आहे, त्यांना एक कळकळीची विनंती आहे. तिच्यात ऑइलची टाकी वेगळी असते आणि इंजिनाची गती व ॲक्सिलरेटर यांच्या प्रमाणात पंप ऑइल पुरवतो. हा पंप काढून टाकून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळण्याची सोपी वाट धरण्यापूर्वी त्याची केबल, नळ्या आणि त्यांत अडकलेली हवा जाणकार फिटरकडून तपासून घ्यावी. प्लगची ठिणगी वेळेवर पाडणारे पॉइंट दोन्ही सिलिंडरचे वेगळे असल्याने ठिणगीचे टायमिंगही प्रत्येकाचे स्वतंत्रपणे लावावे लागते, आणि दोन्ही कार्बोरेटर एकाच वेळी उघडतात की नाही, हेही पाहावे लागते. एका बाजूचा प्लग काळा पडत असेल आणि दुसऱ्या बाजूचा पांढरट दिसत असेल, तर गाडी तशीच दामटू नये. पांढरट प्लगच्या बाजूला हवा जास्त आणि पेट्रोल कमी जात असण्याची शक्यता असते, आणि तसे असेल तर त्या बाजूचा पिस्टन तापून जाम होण्याचा धोका असतो.